इशारा चुकला तर?

नववीच्या वर्गात वादळांचा धडा चालू होता. एका मुलीने विचारले, "सर, हवामानवाल्यांना पक्के ठाऊक नसते, मग ते लोकांना घाबरवतात कशाला?" आम्ही काहीतरी उत्तर दिले, पण ते आमचे आम्हालाच पटले नाही. खात्री नसलेले संकट लोकांना सांगावे की नाही, हा प्रश्न भूगोलाचा नाही, नीतीचा आहे.

अमेरिकेत 1880 च्या दशकात हवामानाच्या अंदाजात 'टोर्नेडो' हा शब्द वापरायलाच मनाई झाली. लोक घाबरतील, ही सबब. ही मनाई कित्येक दशके टिकली. 20 मार्च 1948 च्या रात्री ओक्लाहोमातील टिंकर हवाई तळावर टोर्नेडो आदळला. एक कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. चौकशीत निष्कर्ष निघाला की, असे संकट आधी ओळखताच येत नाही.

तळावरचे हवामान अधिकारी फॉबुश आणि मिलर मात्र जुने नकाशे घेऊन बसले. खाली दमट उष्ण हवा, वर कोरडी हवा आणि उंचीगणिक दिशा व वेग बदलणारा वारा, हे जुळून आले की वर चढणाऱ्या हवेला पीळ बसतो आणि ढगच फिरू लागतो. दिवसभर जमीन तापलेली असल्याने संध्याकाळी धोका वाढतो. 25 मार्चला नकाशा पुन्हा तसाच दिसला. पाच दिवसांत त्याच जागी दुसरा टोर्नेडो? चुकले तर हसे होणार. तरी त्यांनी दुपारी इशारा दिला. विमाने सुरक्षित जागी हलवली गेली. संध्याकाळी सहाच्या सुमारास टोर्नेडो आलाच. या वेळी नुकसान साठ लाखांच्या आसपास राहिले.

समजा, तो आला नसता तर? आमच्या मते, तरीही त्यांचे वागणे योग्यच ठरले असते. अमलाची किंमत नियतीवर ठरते, निकालावर नाही. ग़ैबचे ज्ञान अल्लाहलाच आहे. पण दिसणाऱ्या खुणा वाचणे म्हणजे ग़ैबचा दावा नव्हे. उंट आधी बांधून मग तवक्कल करण्याची शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळते.

आजही तिथे टोर्नेडोच्या दर दहा इशाऱ्यांपैकी सुमारे सात फुकट जातात. म्हणून शंका लपवू नये. धोका किती, खात्री किती, हे दोन्ही सांगावे. चुकण्याच्या भीतीने गप्प बसणारा लोकांना नव्हे, स्वतःच्या अब्रूला वाचवत असतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मुलीला एवढेच सांगितले.