न विचारता केलेली दुरुस्ती

चांगल्या हेतूने, पण कुणालाही न सांगता केलेली दुरुस्ती ही चूक मानायची का? आपण बायका असे प्रश्न घरापुरते सोडवतो. बँकांच्या मोठ्या कॉम्प्युटरच्या, म्हणजे मेनफ्रेमच्या खोलीत त्याला फार धारदार रूप येतं.

आपल्याला वाटतं, प्रोग्राम म्हणजे माणसाने लिहिलेला मजकूर. मशीन तो वाचतच नाही. कोबॉलमध्ये लिहिलेलं कंपाइलर मशीनच्या भाषेत उतरवतो आणि चालते ती ही उतरवलेली प्रत. लोणच्याची वहीतली कृती एक आणि बरणीत गेलेलं भलतंच, असं इथेही होऊ शकतं. आयबीएमच्याच सुपरझॅप नावाच्या साधनाने चालत्या प्रतीतली नेमकी चार अक्षरं बदलता येतात. मूळ मजकुराला हात लागत नाही. प्रोग्रामचं नाव तेच, लांबीही तीच. वरवर बघणाऱ्याला काय कळणार?

म्हणून मंजूर झालेल्या प्रतीचा ठसा काढून ठेवतात. एसएचए-२५६ या रीतीचा ठसा ६४ अक्षरांचा. आत एक अक्षर बदललं तरी तो पार वेगळाच येतो. शिवाय कुणी कोणती लायब्ररी लिहिण्यासाठी उघडली, याची नोंद एसएमएफ करून ठेवतं. ठशांची वही मात्र बदल करणाऱ्याच्या हाती नको. नाहीतर तो प्रोग्रामही बदलेल आणि वहीही.

पण बदल झाला एवढंच ठसा सांगतो. तो लबाडीचा की भलेपणाचा, हे त्याला कुठून कळणार! समजा, रात्री दोनला हिशोब अडलाय, सकाळी लोकांचे पगार जमा व्हायचेत. एकाने गुपचूप चार अक्षरं बदलली, काम निघालं. तुम्ही म्हणाल, बिचाऱ्याने उपकारच केले की. मला नाही तसं वाटत. मूळ मजकुरात जुनीच चूक शिल्लक आहे. पुढे कधीतरी दुसरं कुणी तो नियमाप्रमाणे पुन्हा कंपाइल करील, त्या दिवशी ही दुरुस्ती पुसली जाईल आणि बंद झालेली चूक परत उभी राहील. का, ते कुणालाच उमगणार नाही. लोकांच्या पैशांवर जोखीम घेतली याने, आणि ज्यांचे पैसे त्यांना पत्ताच नाही. अडचणीच्या वेळेसाठी वेगळी परवानगी ठेवता येते, दुसऱ्या दिवशी तिची छाननी करता येते. अगदी रात्री दोनलाही कागदावर दोन ओळी लिहायला किती वेळ लागतो?

वीस वर्षं काम केलेल्या माणसाला या ताडणीचा राग येतो, ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ म्हणून. त्याचं दुःख खोटं नाही. पण पैसे कमी भरतील त्या दिवशी त्याच्या बाजूने बोलायला जुळलेला ठसाच असणार.

आणि कंपाइलरच फितूर असला तर? केन थॉम्पसन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात (ते १९८४ साली छापून आलं) हेच मांडलं. मजकूर स्वच्छ, कंपाइलरचा मजकूरही स्वच्छ, तरी उतरवताना चोरवाट घुसते. डेव्हिड व्हीलर यांनी यावर २००९ च्या प्रबंधात उपाय मांडला: वेगळ्या घराण्यातला दुसरा कंपाइलर घ्यायचा, त्याच्याकडून पहिल्याचा मजकूर उतरवून घ्यायचा, मग त्या नव्या प्रतीकडून तोच मजकूर पुन्हा उतरवायचा आणि मूळ प्रतीशी अक्षर न अक्षर ताडायचा. दुसरा अगदी सज्जनच हवा असं नाही. दोघांनी एकच खोटं बोलायचं ठरवलेलं नसलं, म्हणजे झालं.