ठेका कोणाचा?

आमच्या गावच्या विठ्ठलमंदिरात कोजागिरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत रोज पहाटे काकडा होतो. कितीतरी वर्षे तेथे पखवाज अण्णाच वाजवीत. मागल्या वर्षी ऐन कोजागिरीच्या तोंडावर अर्धांगाचा झटका येऊन त्यांचा उजवा हात निकामी झाला. पंचक्रोशीत दुसरा वादक मिळेना. पहिल्या पहाटे पखवाज नेहमीसारखा खांबाशी ठेवलेला होता. त्याच्या डाव्या तोंडाला कणीक लावणारे तेवढे कोणी नव्हते.

तेव्हा एका तरुण टाळकऱ्याने खिशातून मोबाईल काढला. त्यात हवा तो ठेका, हव्या त्या लयीत वाजविण्याची सोय होती. आठ मात्रांचा भजनी ठेका सुरू झाला. यंत्र शेवटपर्यंत चुकले नाही. चुकलो ते आम्ही. आमचे वीणेकरी आबा पंचाहत्तरीच्या पुढचे. चरणाच्या शेवटी त्यांना दम लागे आणि ते क्षणभर थांबत. ठेका मात्र थांबत नसे. समेवर यंत्र एकटेच पोहोचे आणि आम्ही मागाहून धापा टाकीत येऊ.

यंत्र निर्जीव आहे म्हणून त्याला झोडपणे सोपे आहे, पण मला ते न्यायाचे वाटत नाही. त्याने आपला शब्द पाळला होता. त्याच्यात उणे होते ते एवढेच की, आबांचे वय त्याला ठाऊक नव्हते. माणूस शब्द देतो तो कोणाला तरी देतो. म्हणून तो पाळताना कोठे अर्धा क्षण वाकावे हेही त्याला उमजते. यंत्राने शब्द कोणालाच दिलेला नसतो.

दुसऱ्या पहाटे मोबाईल खिशातच राहिला. नुसत्या टाळांवर गायचे ठरले, आणि आम्ही अक्षरशः पळत सुटलो. ठाय लयीत उचललेली भूपाळी तिसऱ्या चरणाला द्रुतात पोहोचली. प्रत्येकाला वाटे, शेजारचा पळतो आहे. आणि त्याला गाठायला तोही पळे. वर्गात मुले एका सुरात पाढे म्हणू लागली की असेच होते. बेच्या पाढ्याला चालणारी मुले नवाच्या पाढ्याला धावत असतात, आणि कोण पहिल्याने धावला असे विचारले तर चाळीसही हात खालीच राहतात. सगळ्यांनी मिळून केलेल्या चुकीला धनी नसतो.

त्या दिवसापासून मी विचार करतो आहे की, लय म्हणजे कोणाची जबाबदारी? दोन क्षणांमधले अंतर ती लय. त्या लयीला घातलेले मोजमाप तो ताल. ताल एकाच्या हाती सोपविता येतो. लय तशी सोपविता येते काय? ध्रुपदाच्या परंपरेत आलाप पखवाजावाचूनच चालतो. पनवेलजवळ पळस्पे येथे ज्यांनी गुरुकुल उभारले, ते झिया मोहिउद्दीन डागर (१९२९–१९९०) रुद्रवीणेवर किती वेळ तरी आलाप मांडीत. त्या आलापाला लय नव्हती असे कोण म्हणेल? ती वाजविणाऱ्याच्या अंगी होती. आम्ही मात्र आमची लय अण्णांना मक्त्याने देऊन मोकळे झालो होतो. आणि हे केवळ भजनापुरतेच नाही. घरातली सोशिकता आपण एका बाईकडे देतो, कचेरीतला प्रामाणिकपणा एका कारकुनाकडे, गावाची शिस्त मास्तरकडे. तो माणूस आहे तोवर आपणही सोशिक, प्रामाणिक आणि शिस्तीचे आहोत असे आपल्याला वाटत राहते.

तिसऱ्या पहाटेपासून आम्ही टाळ हलके केले. शेजाऱ्याचा आवाज ऐकू येईल इतके. डोळे मिटून गाणारे डोळे उघडून आबांच्या पावलाकडे पाहू लागले. आठवड्याभरात भजन जुळले. तेव्हा कोणीतरी अभिमानाने म्हणाले, "आता पखवाजावाचून आपलं काही अडत नाही." वाक्य खरे होते, आणि ते ऐकून मला शरम वाटली.

माझा एक जुना विद्यार्थी गिटार वाजवितो. त्याने इंग्लंडमधल्या दोन बँडांची हकीकत सांगितली. 'द हू'चा ड्रमवादक कीथ मून १९७८ साली वारला. बाकीच्यांनी दुसरा वादक घेऊन कार्यक्रम चालू ठेवले. 'लेड झेपलिन'चा जॉन बॉनम १९८० साली वारला. उरलेल्या तिघांनी बँडच संपविला. पुढे २००७ साली लंडनला त्यांनी एक मोठा कार्यक्रम केला, तेव्हा ड्रमवर बॉनमचा मुलगा होता. "यांत खरी निष्ठा कोणाची, सर?" त्याने विचारले. मला दोन्ही बाजूंना दोष देववेना. गाणे थांबविले म्हणजे माणसाचा मान राखला असे नाही, आणि चालू ठेवले म्हणजे त्याला विसरलो असेही नाही. ज्याच्यावाचून अडते त्यालाच मान द्यायचा, हा हिशेब बाजाराचा आहे. अण्णांवाचून अडले नाही म्हणून त्यांचे ऋण फिटत नाही.

मी अण्णांकडे गेलो आणि सारे सांगितले. ते विचारात पडले. मग म्हणाले, "दुसऱ्या दिवशी भूपाळीत पळालात?"

"पळालो."

ते हसले. "मास्तर, तुम्हां सगळ्यांना वाटायचं, मी ठेका देतो. अहो, मी तुम्हांला धरून ठेवत होतो."

इतक्या वर्षांत हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आले नव्हते. ते उशिरा आले तर तेवढे ध्यानात येई.

आता एकादशीच्या भजनाला अण्णा येतात आणि खांबाला टेकून बसतात. आबा चरणाच्या शेवटी थांबले की आम्ही सगळे अर्धा क्षण थांबतो. अण्णांचा डावा हात मांडीवर हलत असतो. त्या हाताकडे मी होता होईतो पाहत नाही. पाहिले की, माझी लय पुन्हा त्यांच्यावर टाकावी असा मोह होतो.