चोराचा वाटा



मागच्या महिन्यात आपल्या युवक मंडळाने रविवारी संध्याकाळी सभागृहात एक हिंदी सिनेमा दाखवला. परवानगी मागायला आलेल्या मुलांनी आम्हांला एवढेच सांगितले, "फादर, चोरांचा आहे, पण शेवटी वाईटाला शिक्षा होते." चोरांच्या बहुतेक सिनेमांची हीच शिफारस असते. अर्ध्या तासात उठून यायचे असे ठरवून आम्ही मागच्या बाकावर बसलो, आणि शेवटपर्यंत बसून राहिलो.

सिनेमा होता 'जॉनी गद्दार'. श्रीराम राघवन यांनी तो 2007 साली केला. फार पैसा ओतलेला नाही, मुख्य भूमिकेत नील नितीन मुकेश हा तेव्हा अगदी नवा असलेला मुलगा, जुन्या मोठ्या नटांपैकी धर्मेंद्र तेवढे. लागला तेव्हा फारसा चालला नाही. पुढे मात्र त्याला चाहते मिळत गेले. दिग्दर्शक पुण्याच्या सेंट व्हिन्सेंट शाळेचे, म्हणजे येशूसंघीय फादरांच्या शाळेचे विद्यार्थी, हे सांगितल्यावर मुलांना गंमत वाटली.

गोष्ट थोडक्यात अशी. पाच जण मिळून जुगाराचा अड्डा चालवतात. बंगळुरूच्या एका पोलीस अधिकाऱ्यामार्फत बेकायदा माल घ्यायचा आहे, पैसे थोड्या दिवसांत दुप्पट होणार. प्रत्येकाने 50 लाख घालायचे, एकूण अडीच कोटी. पैशांची बॅग घेऊन शिवा नावाचा भागीदार रेल्वेने निघतो. पाचांमधला सर्वांत लहान, विक्रम, याचे मन दुसऱ्या एका भागीदाराच्या बायकोवर बसले आहे. तिला घेऊन पळून जाण्यासाठी तो ही बॅग चोरायचे ठरवतो. जीव घ्यायचा नाही, नुसती गुंगी द्यायची, असा बेत. पण गाडीत झटापट होते आणि शिवा मरतो. मग एक खून झाकायला दुसरा, दुसरा झाकायला तिसरा. ज्याला सगळे वडीलधारा मानतात त्या शेषाद्रीच्या, म्हणजे धर्मेंद्रच्या लक्षात प्रकार येतो, तेव्हा विक्रम त्यालाही गोळी घालतो. त्या वेळी सभागृहात कुणीतरी मोठ्याने 'अरेरे' म्हटले. मागून एक आवाज आला, "हरामखोर!"

आम्ही अंधारात विचार करत होतो, ही हळहळ कुणासाठी? शेषाद्री जुगाराच्या अड्ड्याचा मालक. शिवा पोत्यात भरलेला काळा पैसा नेणारा. अडीच कोटी कुणाच्या घरातून आले, जुगारात कुणाच्या बायकोचे मंगळसूत्र गेले, हे सिनेमा दाखवत नाही आणि आपणही विचारत नाही. आपल्याला राग येतो तो चोरीचा नाही, चोराने चोराला फसवले याचा. आणि गंमत म्हणजे हा राग खोटा नाही. आम्हांलाही आला.

सेमिनरीत आम्हांला तत्त्वज्ञान शिकवले गेले त्यात प्लेटोचा 'रिपब्लिक' होता. त्याच्या पहिल्याच भागात सॉक्रेटिस थ्रॅसिमॅकसला विचारतो की लुटारूंची टोळी आपसांत अन्याय करू लागली तर तिला लूट तरी करता येईल का? येणार नाही. म्हणजे वाईट काम तडीस न्यायलाही थोडा चांगुलपणा लागतो. संत आगुस्तीन 'देवाचे नगर' या ग्रंथाच्या चौथ्या भागात आणखी पुढे जातात. न्याय काढून घेतला तर राज्ये म्हणजे मोठ्या टोळ्याच, आणि टोळीतही म्होरक्या असतो, करार असतो, लुटीची वाटणी ठरल्याप्रमाणे होते. आपल्याला शेषाद्रीबद्दल वाईट वाटते ते यामुळे. टोळीतला इमान हा खरा इमानच आहे, फक्त तो उसना आणलेला आहे. ज्या घरातून आणला त्याच घराला आग लावायला तो वापरला जातो.

हे सगळे पुस्तकातच राहिले असते. पण त्या सिनेमानंतर काही दिवसांनी आपल्याच धर्मग्रामातला एक तरुण संध्याकाळी आमच्या व्हरांड्यात येऊन बसला. तो पापनिवेदनाला आलेला नव्हता, आणि त्याची गोष्ट लिहायची परवानगी आम्ही त्याच्याकडून घेतली आहे. नाव सांगणार नाही, गावही नाही. वैनगंगेच्या काठची गावे आपल्या जिल्ह्यात काही एक-दोन नाहीत.

तो आणि त्याचा मित्र रात्री नदीतून रेती काढत होते. ट्रॅक्टर मित्राचा, फावडे याचे. घाट लिलावात गेलेला नाही, रॉयल्टी नाही, परवाना नाही. अर्धा अर्धा वाटा ठरला होता. तीन महिने काम झाले आणि मित्राने हिशेब केलाच नाही. उलट म्हणाला, कोणाला सांगतो ते सांग. मुलगा आम्हांला म्हणाला, "फादर, त्यानं माझे पैसे खाल्ले. त्याले पाप नाही लागत का?" आणि लगेच, "मी तहसीलदार साहेबाले फोन करून देतो. ट्रॅक्टर जप्त झाला पाहिजे त्याचा."

दोन प्रश्न होते. पहिला वाट्याचा. यावर इंग्लंडमध्ये 1725 साली चक्क एक खटला झाला होता. एव्हरेट आणि विल्यम्स असे दोन वाटमारे. एव्हरेटने कोर्टात दावा लावला की भागीदारीच्या धंद्यात आपल्याला ठरलेला वाटा मिळाला नाही. धंदा कोणता ते दाव्यात लिहिलेले नव्हते. अमुक माळावर गृहस्थांकडून घड्याळे, अंगठ्या वगैरे माल स्वस्तात मिळाला, अशी सभ्य भाषा होती. कोर्टाने दावा फेटाळला, तो आणणाऱ्या वकिलांना दंड केला. पुढे विल्यम्सला 1727 मध्ये आणि एव्हरेटला 1730 मध्ये फाशी झाली. आपल्याकडेही 1872 च्या करार कायद्याचे कलम 23 हेच सांगते की ज्या कराराचा हेतू बेकायदा तो करारच नव्हे.

मुलाला हे पटले नाही. "पण मी रात्रभर राबलो, फादर. माझ्या हाताले फोड आले." हे ऐकून आम्ही थोडे थांबलो, कारण संत थोमस अक्विनासही इथे थांबतात. जे दुसऱ्याचे लुटून मिळवले ते मूळ मालकाला परत करायलाच हवे, पण काम वाईट असूनही जिथे मोबदला कुणाचे लुबाडून आलेला नाही, तो ठेवता येतो, असा बारीक भेद त्यांनी केला आहे. प्रश्न एवढाच, रेती कुणाची होती? नदीचे पात्र खोल गेले की काठच्या विहिरी आटतात, त्या ज्यांच्या, त्यांची. मग या मुलाचा वाटा मित्राने खाल्ला हे खरे, पण तो वाटा मुळात या दोघांचाही नव्हता. त्याला फसवले गेले याचे दुःख आम्ही नाकारले नाही. मात्र त्याचे देणे मित्राकडे आहे असे आम्हांला म्हणता येईना.

दुसरा प्रश्न अवघड होता. फोन करावा की नाही? मनात सूड आहे, पण काम तर योग्य आहे. चोरी थांबेल, ट्रॅक्टर जप्त होईल, दंड होईल. मित्राने मित्राचे नाव सांगितले म्हणून त्याला गद्दार म्हणायचे का? आमच्या मते नाही. पाप करण्याचे वचन बांधून ठेवत नाही. हेरोदने मेजवानीत सगळ्यांसमोर शपथ घातली म्हणून ती पाळली आणि संत योहान बाप्तिस्ताचे शिर तबकात आले. तो शब्दाला जागला, आणि ती शपथ त्याने मोडायला हवी होती.

पण मग तेवढ्याने फोन योग्य ठरतो का? इथे आम्हांला त्या सिनेमाचा शेवट आठवला. विक्रम शेवटी मरतो खरा. प्रकाश नावाच्या भागीदाराचाही त्याने खून केलेला असतो. प्रकाशची बायको सूड घ्यायला निघते, पण तिचा संशय शार्दूल या दुसऱ्याच भागीदारावर असतो. शार्दूल समजून ती गोळी झाडते आणि मरतो विक्रम. आपल्या सभागृहात तेव्हा टाळ्या पडल्या. वाईटाला शिक्षा झाली! अहो, पण केली कुणी? ती गोळी दुसऱ्यासाठी होती. खऱ्या अपराध्याला लागली हा निव्वळ योगायोग. सूड असाच अंधारात नेम धरतो, आणि कधी नेम लागला की आपण त्याला न्याय म्हणतो.

कायद्याला हा फरक कळतो. पुण्यात 1976-77 मध्ये झालेले जोशी-अभ्यंकर हत्याकांड आपल्यापैकी वयस्करांना आठवत असेल. अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी, चोरीसाठी सोबत आलेले, आणि त्यांचा पहिला बळी त्यांच्याच कॉलेजातला मुलगा. दहा जीव गेले. चौघांना 1983 साली येरवड्यात फाशी झाली, पाचवा माफीचा साक्षीदार झाला. त्याच नावाचा सिनेमाही 1986 साली निघाला, नाना पाटेकरांचा. माफीचा साक्षीदार म्हटले की लोक नाक मुरडतात, स्वतःची मान सोडवून घेतली म्हणतात, आणि तसे असतेही. पण माफीची अट पाहा. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 306 मध्ये ती होती, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. साथीदाराने सगळे आणि खरे सांगायचे. म्हणजे दुसऱ्याचे तेवढे नाही, स्वतः काय केले तेही. लपवले तर माफी जाते.

चुगली आणि साक्ष यांतला फरक आम्हांला इथे दिसतो. कालवरीवर दोन चोर होते. संत लूकच्या शुभवर्तमानात एक प्रभूला टोमणे मारतो आणि दुसरा त्याला दटावतो. त्या दुसऱ्याला आपण चांगला चोर म्हणतो, पण तो बोलला काय याकडे आपले फार लक्ष जात नाही. आपल्या सोबत्याला मिळालेली शिक्षा योग्य आहे असे तो म्हणत नाही. आपल्या दोघांना मिळालेली शिक्षा योग्य आहे, असे म्हणतो. आधी स्वतःला मोजतो, मग सोबत्याला बोलतो.

आम्ही त्या मुलाला सांगितले, "फोन कर. पण स्वतःचे नाव सांगून कर. ट्रॅक्टर त्याचा आणि फावडे माझे, असे सांग."

तो बराच वेळ गप्प बसला. मग उठला, चपला घातल्या, पायरीवर थांबला आणि म्हणाला, "फादर, आपल्या चर्चच्या कंपाउंडची भिंत मागच्या वर्षी बांधली ना, तिची रेती कुठून आली होती?"

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. रेती कुठून आली होती ते बहुधा त्याला ठाऊक होते.

रात्री आम्ही बांधकामाची फाइल काढून पाहिली. सिमेंटची बिले आहेत, गिट्टीची आहेत, मिस्त्रीच्या सह्या आहेत. रेतीपुढे ब्रास आणि रुपये लिहिलेले आहेत, रॉयल्टीची पावती नाही. ती आम्ही मागितली नव्हती. भाव कमी पडला म्हणून समितीच्या बैठकीत आम्हीच समाधान व्यक्त केले होते, इतिवृत्तात तसे लिहिलेले आहे. आणि रात्री दोन-अडीचला नदीकडून येणारा ट्रॅक्टरचा आवाज आमच्या खोलीत आम्ही इथे आल्यापासून ऐकत आहोत.

ती फाइल येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर धर्मग्राम समितीपुढे ठेवणार आहोत. ज्यांना बसायचे असेल त्यांनी बसावे. त्या मुलाने फोन केला की नाही, हे आम्ही त्याला विचारलेले नाही.