अनुदान कोणाच्या हाती?

शेतकऱ्याला सरकारने द्रव्यसाहाय्य करावे की करू नये, या वादात आपण इतके गुंतून पडतो, की ते द्रव्य कोणाच्या पदरात पडावे आणि त्याची वाटणी कोणी करावी, हा अधिक मूलगामी प्रश्न बहुधा अनुत्तरितच राहतो. अमेरिकेतील आर्कान्सा राज्याच्या पॉइन्सेट काउंटीत 1933 नंतर जे घडले ते ज्याने बारकाईने वाचले आहे, त्याला हा प्रश्न गौण मानता येणार नाही.

1929 साली पौंडामागे सुमारे 17 सेंट मिळवून देणारा कापूस 1932 मध्ये साडेसहा सेंटांवर उतरला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट आणि त्यांचे कृषिमंत्री हेन्री वॉलेस यांच्या पुढाकाराने मे 1933 मध्ये असा कायदा झाला, की जो शेतकरी लागवड घटवील त्याला सरकारी तिजोरीतून मोबदला मिळेल. त्याच उन्हाळ्यात सुमारे 1 कोटी एकरांवरील उभा कापूस नांगराखाली घालण्यात आला. भाव चढले, हे निर्विवाद आहे. कर्जात बुडालेल्या पुष्कळ जमीनदारांचे दिवाळे टळले, हेही मान्य केले पाहिजे.

परंतु मिसिसिपीच्या खोऱ्यातील त्या गाळवट, सुपीक मुलखात जमीन कसणारा बहुधा जमिनीचा धनी नसे. हंगामभराचे धान्य मालकाच्या कोठीतून उधारीवर उचलावे आणि कापूस वेचून झाल्यावर आपल्या अर्ध्या वाट्यातून ते व्याजासह फेडावे, अशी त्या वाटेकऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्यांत कृष्णवर्णीय होते तसे गौरवर्णीयही होते. 1934 च्या करारनाम्याने पडीक ठेवलेल्या जमिनीचे पौंडामागे साडेतीन सेंटांचे भाडे सर्वस्वी मालकाच्या नावे केले, आणि त्याखेरीज मिळणाऱ्या एका सेंटाच्या पूरक रकमेतील निम्मी तेवढी वाटेकऱ्याला देऊ केली. म्हणजे जमीन पडीक राहिल्याने ज्याचे काम गेले, त्याच्या हिश्शाला अर्धा सेंट आला. मालकाने कुळांची संख्या शक्यतो कायम राखावी, असे त्या करारनाम्याचे सातवे कलम सांगत होते खरे. पण त्या ‘शक्यतो’चा अर्थ लावणाऱ्या आणि तक्रारींची चौकशी करणाऱ्या स्थानिक समित्यांवर वर्चस्व होते ते मळेवाल्यांचेच. ज्याच्याविरुद्ध फिर्याद, त्याच्याच बिरादरीकडे न्यायदान सोपविणारी ही व्यवस्था मला त्या साऱ्या योजनेतील अक्षम्य दोष वाटते, कारण तो अनवधानाने राहिलेला नव्हता. दक्षिणेतील मळेवाल्यांचे सहकार्य टिकावे म्हणून तो पत्करलेला होता.

लागवड घटली, तसे मनुष्यबळही मालकाला जड वाटू लागले, आणि पॉइन्सेट काउंटीतील टायरोंझा गावाच्या आसपास वाटेकरी कुटुंबांची बेदखली सुरू झाली. जुलै 1934 मध्ये तेथील एका शाळेत 11 गौरवर्णीय व 7 कृष्णवर्णीय पुरुष एकत्र बसले, आणि ‘सदर्न टेनंट फार्मर्स युनियन’ ही संघटना स्थापन झाली. ज्या समाजात या दोन वर्णांनी एका पंक्तीस बसणेही निषिद्ध होते, तेथे हे धैर्य असामान्यच म्हटले पाहिजे. त्याची किंमत त्यांनी मारहाण, अटक आणि गोळीबार सोसून मोजली. वॉशिंग्टनमध्ये ही योजना राबविणाऱ्या सरकारी खात्यात जेरोम फ्रँक यांच्या विधी-विभागाने सातव्या कलमाचा अर्थ असा लावला, की केवळ कुळांची संख्या राखून भागणार नाही, तीच कुळे कायम ठेवली पाहिजेत. फेब्रुवारी 1935 मध्ये त्या खात्याचे प्रशासक चेस्टर डेव्हिस यांनी फ्रँक यांना त्यांच्या काही सहकाऱ्यांसह नोकरीतून दूर केले, आणि तो अर्थ रद्दबातल ठरला.

पुढे कायदा सुधारून वाटेकऱ्याचा हिस्सा वाढविण्यात आला आणि तो थेट त्याच्या हाती देण्याची तजवीज झाली. परंतु तोवर मालकांना मार्ग सापडला होता: वाटेकरी ठेवला तर अनुदानात वाटा द्यावा लागतो, रोजंदारीचा मजूर ठेवला तर काहीच द्यावे लागत नाही. जानेवारी 1939 मध्ये शेजारच्या मिसुरी राज्याच्या आग्नेय भागात अशी निर्वासित झालेली हजारभर माणसे, बायकामुलांसह, ऐन थंडीत हमरस्त्याच्या कडेला येऊन बसली. त्यांनी कसलेल्या जमिनींचे अनुदान त्या वर्षीही मालकांना मिळतच होते.