गळते तेल आणि झाकलेला दोष

दोष दिसला म्हणजे तो पुसून टाकावा, की त्याचे मूळ शोधावे? प्रश्न जुनाच आहे. आज तो जुन्या ट्रकच्या इंजिनावरून पाहू. दिंडीचे सामान वाहणाऱ्या गाड्यांत जुन्या गाड्याही असतात. तेव्हा हा दृष्टान्त कोणास परका वाटू नये.

गाडीखाली तेलाचे थेंब दिसू लागतात. मिस्त्री खालच्या चेंबरचे पॅकिंग बदलतो. आठ दिवसांनी पुन्हा ठिबक सुरू. मग बोल्ट आणखी आवळतात. त्याने चेंबरचा पत्रा वाकतो, पॅकिंग दबून फाटते. मग पेस्ट थापतात. आत सुटलेला तिचा तुकडा ऑइल पंपाच्या जाळीत अडकला, तर इंजिनच उपाशी मरावयाचे!

असे का होते? जेथे तेल ठिबकते तेथेच ते गळते, असा नेम नाही. वर टॅपेट कव्हरपाशी पाझरलेले तेल इंजिनाच्या अंगावरून ओघळते, वाऱ्याने मागे जाते आणि चेंबरवरून टपकते. म्हणून जाणता मिस्त्री आधी इंजिन धुतो, कोरडे करतो, वर खडूची पूड भुरभुरतो, गाडी तापेपर्यंत चालवतो आणि सर्वांत वरची ओली जागा शोधतो.

एक सांधा बंद केला की दुसरा गळू लागला, तर तो ब्रीदरची नळी पाहतो. पिस्टनच्या रिंगांतून निसटलेला वायू खाली चेंबरमध्ये येतो. नळी तुंबली की त्याला वाट राहत नाही. मग तो दुबळा सांधा गाठून तेल बाहेर ढकलतो. येथे दोष सांध्याचा नव्हे, कोंडलेल्या दाबाचा. नळी साफ करण्यास खर्च तो किती? रिंगाच झिजल्या असतील, तर मात्र इंजिन उघडावे लागते. तसेच क्रँकच्या मागच्या सीलचे. सीलने दांड्यावर खाच पाडली असेल, तर नवे सीलही त्याच खाचेत बसून गळते. सील बदलले, खाच तशीच राहिली!

आता कोणी शंका घेईल, "अहो, जुनी गाडी आहे, गळायचीच! रोज थोडं ऑइल ओतावं नि चालवावं." यात थोडे सत्य आहे. सांध्याला नुसता ओलावा असेल आणि काडीवरची खूण उतरत नसेल, तर त्यासाठी इंजिन उघडू नये. पण खूण उतरत चालली, तर ती गळतीच. झीज ही वयाची. उपेक्षा मात्र आपली.

दुसरा म्हणेल, "तेल माझं, पैसा माझा, दुसऱ्याला काय त्याचं?" बाबा रे, थेंब पडतो तो तुझ्या अंगणात नव्हे, रस्त्यावर. पहिल्या पावसात त्यावरून दुचाकीवाला घसरतो. मुक्कामाला शेतकऱ्याने जागा दिली, त्याच्या मातीत ते मुरते. मागच्या सीलचे तेल क्लच प्लेटवर गेले, तर दिवेघाटाच्या चढावर भरली गाडी ओढ धरीत नाही; मागे माणसे चालत असतात. मग गळती एकट्याची कशी?

तिसरा काही बोलत नाही. तो गाडी विकायच्या आदल्या दिवशी इंजिन लख्ख धुऊन ठेवतो. येथे विचार करण्याजोगी गोष्ट आहे. गळती शोधणारा मिस्त्रीही इंजिन धुतो आणि हा मालकही धुतो. डिझेल तेच, ब्रश तोच. एक धुतो दोष दिसावा म्हणून; दुसरा धुतो दिसू नये म्हणून. घेणारा गरीब, कर्ज काढून आलेला असेल, तर त्या लख्खपणाची किंमत त्याने कोठून भरावी? विकणाऱ्याने "गाडी तेल खाते" एवढे तोंडाने सांगावे. चार पैसे कमी येतील, ते येवोत.

तात्पर्य, कृती एकच असली तरी हेतूने ती धर्म होते वा अधर्म. आपणही स्वतःस धुतो, नीटनेटके ठेवतो. ते कशासाठी, हे ज्याचे त्याने पाहावे.