उपकार कोणाचे?

मिरजेचे मिशन इस्पितळ १८९४ साली उघडले. संस्थापक डॉ. वान्लेस ह्यांचे नांव सांगलीजवळच्या वान्लेसवाडीस आहे, व ते योग्यच होय. परंतु हत्यारे उकळणाऱ्याने आळस केला, तर निष्णात डॉक्टरांनी घातलेले टाकेही चिघळतात. मग रोग्यास वाचविले कोणी? वाचकहो, आपण डॉक्टरांस नारळ देतो, आणि मलपात्र धुणाऱ्या आयेस 'अगं ए' म्हणून हाक मारतो. मीही एकदा विषमज्वरातून उठून एका इस्पितळातून असाच निघालो. फाटकापाशी आठवले कीं, रात्री जिने माझी कूस पालटली, पाणी पाजले, तिचे नांव मी विचारलेच नाहीं. परत गेलो, तो रात्रपाळी संपवून ती घरी गेली होती.