अशोक म्हणून दिलेलं झाड

वणीत घर बांधलं तेव्हा आईनं सांगितलं, दारात सीतेचा अशोक लाव. मी नर्सरीत गेलो, म्हणालो, "अशोक द्या." रोप मिळालं. चार वर्षांत ते खांबासारखं सरळ वर गेलं. केशरी फुलांचे झुबके काही आले नाहीत. आल्या त्या फिकट हिरव्या चांदण्या, पानांत शोधाव्या लागतील अशा.

भांडायला गेलो, तर नर्सरीवाल्यानं शांतपणे विचारलं, "मंग याले तुम्ही काय म्हनता, भाऊ?"

उत्तर सुचेना. शाळांपुढे, बंगल्यांच्या कुंपणाला हेच झाड उभं असतं आणि आपण सगळे त्याला अशोकच म्हणतो. मग तो खोटं बोलला का? शब्द दोघांचा एकच होता, मनातलं झाड वेगळं होतं. अशी फसवणूक कुणाच्या खात्यावर लिहायची?

फोनमध्ये तीन 'अमोल' सेव्ह असले की आपण नंबर बघतो. लिनियसनं 1753 साली रूढ केलेली दोन शब्दांची नावं हेच काम करतात. आईच्या मनातला तो सराका असोका. माझ्या दारातला पॉलिअल्थिया लाँगिफोलिया, म्हणजे लांब पानांचा. (त्याचंही पहिलं नाव आता बदलून 'मोनून' झालंय. नंबर बदलतात, तसंच.) प्रश्न नुसता शोभेचा नाही. औषधासाठी अशोकाची साल मागितली की या दुसऱ्याच झाडाची साल खपवली जाते, आणि ते औषध कुणाच्या तरी पोटात जातं.

पण म्हणून लॅटिन नाव म्हणजे शुद्ध सत्य, असंही मला वाटत नाही. होळीच्या सुमारास आमच्याकडे पळस फुलतो. शास्त्रात त्याचं नाव ब्यूटिया मोनोस्पर्मा. मोनोस्पर्मा म्हणजे एका बीचा. शेंग पाहिलीत तर पटेल. आणि ब्यूटिया? ब्रिटनचे पंतप्रधान राहिलेले, वनस्पतींचे शौकीन अर्ल ऑफ ब्यूट. ते भारतात कधी आलेच नाहीत. आपल्या पळसानं त्यांचं नाव का वागवावं?

अशोकाचं उलटं झालं. रॉक्सबर्गनं त्याला कलकत्त्याच्या विल्यम जोन्सवरून 'जोनेशिया असोका' म्हटलं होतं. पुढे जोन्स गळाले, असोका राहिला. आफ्रिकेतल्या काळ्या माणसांसाठीची शिवी 'कॅफ्रा' या रूपात कितीतरी वनस्पतींच्या नावांत बसली होती. 2024 मध्ये माद्रिदच्या जागतिक परिषदेनं अशी सुमारे 200 नावं 'आफ्रा' करायचं ठरवलं. म्हणजे ही नावं माणसांनीच दिलेली, माणसांच्या चुकांसकट. तरी झाड ओळखायला ती लागतात, आणि ती ओळख खरी असते.

या पावसाळ्यात चिठ्ठीवर 'सराका असोका' लिहून परत त्याच नर्सरीत गेलो. त्यानं अक्षर-अक्षर लावत वाचलं आणि हसला.

"सीता अशोक म्हना नं मंग, भाऊ. पयलेच सांगाले पायजे होतं."

आईनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. 'सीता' मीच गाळली होती.